जुहुरी म्हणजे मोडकी फारसी नव्हे

महोदय,

ज्यूंच्या भाषा म्हटल्या की आपल्याकडच्या लेखांत हिब्रू आणि यिडिश एवढीच नावे येतात. काकेशसच्या डोंगराळ भागातल्या ज्यूंच्या जुहुरीचा उल्लेख झालाच, तर ‘फारसीची अपभ्रष्ट बोली’ म्हणून तिची बोळवण होते. जुहुरी ही फारसीची बहीण आहे आणि तिचे नियम काटेकोर आहेत. स्वरानंतरच्या जुन्या ‘द’चा तिच्यात ‘र’ होतो. ‘जुहूद’ म्हणजे यहुदी, त्याचे झाले ‘जुहुर’, आणि त्यावरून भाषेचे नाव. फारसी ‘दीदन’ म्हणजे पाहणे, ते इथे ‘दिरे’. घशाच्या तळातून निघणारा ‘ऐन’ हिब्रू शब्दांपुरता उरलेला नाही, ‘अस्ब’ (आपला अश्वच!) या अस्सल इराणी शब्दाच्या आरंभीही तो येऊन बसला आहे. टिपण घ्यायला फारसी जाणणारा मदतनीस बसवला की नेमका हाच ध्वनी गळतो, कारण तेहरानच्या बोलण्यात तो नाहीच.

लिपीने आणखी घोळ घातला. आधी हिब्रू लिपी, १९२९ पासून लॅटिन, १९३८ पासून सिरिलिक, म्हणजे रशियन वळणाची लिपी. आजोबांचे लिखाण नातवाला परके झाले. सिरिलिकमध्ये ‘ऐन’साठी ‘ग’च्या अक्षरापुढे उभी दांडी देतात. साध्या कळफलकावर ती नसते, म्हणून कोणी एकचा आकडा टाकतो, कोणी रोमन ‘आय’, तर कोणी ‘एल’. दिसायला सगळे सारखेच. पण संगणकाच्या लेखी तो दर वेळी वेगळा शब्द, आणि शोध फसतो. युनिकोडमध्ये या दांडीला स्वतंत्र संकेत आहे. शब्दकोशाला हात घालण्याआधी जुना मजकूर त्यात बदलून घ्यावा लागतो.

बोलणाऱ्यांचे आकडेही जपून वापरावेत. सोव्हिएत काळात अनेक ज्यूंची नोंद ‘तात’ (काकेशसमधला एक इराणीभाषक समूह) अशी झाली, आणि तात म्हणवणारे मुसलमानही आहेत.

रशियातल्या दर्बेंत शहरात किंवा अझरबैजानातल्या कुबाजवळच्या क्रासनाया स्लोबोदात ध्वनिमुद्रण करायचे तर दोन वृद्धांना समोरासमोर बसवावे. परक्याशी बोलताना ते रशियनवर किंवा अझरबैजानीवर जातात. शब्दयादी शेवटी काढावी. मुद्रण वेव्ह स्वरूपात, ४८ किलोहर्ट्झवर करावे. एमपी३मध्ये आवाज दाबला जातो आणि घशातले बारकावे पुसट होतात. एका मिनिटाचे बोलणे नीट उतरवायला अर्धा-पाऊण तास सहज जातो, तेवढा वेळ आधीच धरावा.

इस्रायलमधल्या बेने इस्राएल (महाराष्ट्रातून गेलेल्या ज्यूंच्या) घरांतली मराठी टिपणाऱ्यांनाही हे सगळे लागू आहे. ती प्रमाण मराठीत ‘सुधारून’ लिहिली, की टिपण्यासारखे जे होते तेच गेले.

आपला,
भाषाशास्त्राचा एक अभ्यासक, पुणे