रुग्णालयातला आयटीवाला वॉर्डात दिसायला हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या करिअर पुरवणीत रुग्णालयातील आयटी व्यवस्थापकाच्या नोकरीवर लेख वाचला. नेटवर्क, सर्व्हर, सायबर सुरक्षा, कोणते कोर्स करावेत, सगळे नीट आले आहे. पण बावीस वर्षे हेच काम करत आलो, म्हणून राहवले नाही. वॉर्डात जाऊन उभे राहणे हा या नोकरीचा गाभा, आणि त्याबद्दल लेखात एक ओळही नाही.

माझाच अनुभव सांगतो. आयसीयूतल्या कॉम्प्युटरवर मी पाच मिनिटांचा लॉगआउट लावला होता, म्हणजे तेवढा वेळ हात लागला नाही की स्क्रीन आपोआप बंद. रुग्णाची माहिती उघडी पडू नये, एवढाच हेतू. महिनाभरात एका मॉनिटरच्या पाठीला पासवर्डची चिठ्ठी चिकटवलेली सापडली. अख्खी शिफ्ट एकाच सिस्टरच्या नावाने नोंदी करत होती. मी तणतणत मेट्रनकडे गेलो. त्यांनी वाद घातला नाही; "आज रात्री येऊन बसा," एवढेच म्हणाल्या. बसलो. रात्री दोनला चार नंबर बेडचे बीपी पडले. सिस्टरने ग्लोव्ह्ज काढले, पासवर्ड टाकला, औषध किती वेगाने सोडायचे ते नोंदवले, औषध सोडणाऱ्या पंपाकडे धावल्या. परत येऊन बघतात तो स्क्रीन बंद. पुन्हा ग्लोव्ह्ज काढा, पुन्हा पासवर्ड टाका. पहाटेपर्यंत अकरा वेळा हेच झाले. मी मोजत होतो. त्या सिस्टरची मी सकाळी माफी मागितली. कार्ड टेकवले की स्क्रीन उघडेल आणि उचलले की बंद होईल, अशी सोय करायला खरेदी समितीपुढे सात महिने खेटे घालावे लागले. कार्डे आली आणि चिठ्ठ्या गेल्या. कोणाला मेमो द्यावा लागला नाही.

सुरक्षेबद्दल लेखात 'वेळच्या वेळी अपडेट करा' असे म्हटले आहे. ऑफिसच्या कॉम्प्युटरला ते ठीक. सीटी किंवा एमआरआयला जोडलेल्या कॉम्प्युटरवर मात्र पॅच (सॉफ्टवेअरमधली त्रुटी बुजवणारे अपडेट) आपल्या मनाने टाकता येत नाही, यंत्राच्या कंपनीची मान्यता लागते. शिवाय यंत्र दहा-पंधरा वर्षे चालते, त्यावरच्या विंडोजचा सपोर्ट त्याआधीच संपतो. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फायली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस पसरला, तेव्हा मायक्रोसॉफ्टचा पॅच मार्चमध्येच आलेला होता. तरी इंग्लंडमधल्या २३६ पैकी किमान ८१ एनएचएस ट्रस्टना (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या संस्थांना) त्याची झळ बसली आणि सुमारे १९ हजार अपॉइंटमेंट रद्द झाल्याचा अंदाज निघाला. म्हणून ज्या यंत्रांना पॅच देता येत नाही, ती वेगळ्या नेटवर्कमध्ये बंदिस्त ठेवावी लागतात. त्यासाठी अशी यंत्रे कुठे कुठे आहेत हे आधी ठाऊक हवे, आणि ते मजल्यामजल्यावर फिरल्याशिवाय कळत नाही.

आणि इतके करूनही सिस्टीम बंद पडतेच. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर बंद पाडले. त्यात रुग्णालयेही होती. अशा वेळी कागदच कामी येतो, पण कागदावर काम करण्याची सवय आता कोणाला राहिली आहे? आम्ही दर तीन महिन्यांनी दोन तास एचआयएस (रुग्णालयाच्या नोंदींची संगणक प्रणाली) बंद ठेवून सराव करतो. पहिल्या सरावात लॅबच्या खिडकीवर रक्ताच्या नळ्यांचा ढीग साचला. बारकोड छापणारा प्रिंटर एचआयएसशिवाय चालत नव्हता आणि नळीवर नाव लिहायला वॉर्डात एकही मार्कर नव्हता. साध्या मार्करपायी तपासण्या अडल्या.

त्याहून अवघड काम सिस्टीम परत सुरू झाल्यावर. कागदावरच्या नोंदी चढवताना दोन वाजता दिलेल्या इंजेक्शनपुढे नोंद चढवण्याची वेळ, म्हणजे सहा, पडली तर पुढचा डोस चार तास पुढे सरकतो. प्रत्यक्ष दिल्याची वेळ आणि नोंद केल्याची वेळ यांचे दोन वेगळे रकाने हवेत, हे मला एका ब्रदरने दाखवून दिले. सॉफ्टवेअर कंपनीच्या मॅन्युअलमध्ये ते नव्हते.

व्यवस्थापनालाही एक विनंती. नवे यंत्र घ्यायचे ठरले की आयटीच्या माणसाला त्या बैठकीला बोलवा, ऑर्डर गेल्यावर 'जोडून द्या' म्हणून नको. औषध सुरक्षा समितीतही त्याला खुर्ची द्या. पगार सॉफ्टवेअर कंपन्यांएवढा बहुधा मिळणार नाही, हे नव्या मुलामुलींनी धरूनच चालावे.

तरीही त्यांनी या क्षेत्रात जरूर यावे. फक्त मुलाखतीतच सांगावे की पहिला महिना मला ओपीडीच्या नोंदणी खिडकीमागे, लॅबमध्ये आणि रात्रपाळीला वॉर्डात बसू द्या. आणि आपण या विषयावर पुन्हा लिहाल तेव्हा एखाद्या अनुभवी सिस्टरलाही बोलते करा, ही आग्रहाची विनंती.

आपला,
एक नियमित वाचक
(नाव व पत्ता संपादकांकडे)