गटाच्या कामाबद्दल, तुझ्या पत्राचं उत्तर

प्रिय मित्रा,

तंत्रज्ञानाच्या मदतीने शिकवण्याच्या नव्या पद्धती शोधायला तुमचा चौघांचा गट नेमला आणि पहिली बैठक नुसती ॲपची नावं सांगण्यात संपली, हे वाचून हसू आलं. आमचीही सुरुवात अशीच झाली होती.

आता ॲप बाजूला ठेवा. मुलं हमखास अडकतात असा एकच घटक निवडा. आम्ही विद्युत परिपथ घेतला. बल्बमधून जाताना विद्युतधारा थोडी खर्च होते, ही मुलांची समजूत आकृत्या काढून काही केल्या जात नाही. म्हणून 'फेट'चं सिम्युलेशन, म्हणजे संगणकावरचा आभासी प्रयोग, घेतलं (कार्ल वीमन या नोबेलविजेत्या भौतिकशास्त्रज्ञाने २००२ साली सुरू केलेला प्रकल्प, फुकट आहे). त्यात इलेक्ट्रॉनचे ठिपके बल्बच्या अलीकडे-पलीकडे सारख्याच वेगाने सरकतात.

एका बाईंनी तास घेतला, आम्ही मागे बसलो. बघायचं मुलांकडे, बाईंकडे नाही, असं ठरलेलं. मुलं ठिपक्यांची गंमत बघत बसली. प्रश्न कुणालाच पडला नाही. पुढून बाईंना मात्र तास रंगल्यासारखा वाटला! मग आमची खडाजंगी. कुणाला पडदा मोठा हवा होता. गणिताचे सर म्हणाले, पडदा आधी बंदच ठेवा. बल्बच्या आधी आणि नंतर विद्युतधारा मोजणारा अमीटर किती दाखवेल, ते वहीत लिहू द्या, शेजाऱ्याशी वाद घालू द्या, मग दाखवा. दुसऱ्या तुकडीत तसं केलं. आकडे सारखेच आल्यावर जो गलका झाला! काहींनी तर अमीटर बिघडलाय म्हणून पुन्हा जोडायला लावला. साधन तेच, फक्त क्रम बदलला.

जपानी शिक्षक हेच एकोणिसाव्या शतकापासून करत आलेत: पाठ मिळून आखायचा, एकाने घ्यायचा, बाकीच्यांनी बघायचा, नंतर चिरफाड. उलट्या वर्गाचंही (पाठ घरी व्हिडिओवर बघायचा, वर्गात सराव करायचा) बघ. २००७ मध्ये कोलोरॅडोतले रसायनशास्त्राचे दोन शिक्षक, बर्गमन आणि सॅम्स, यांच्यापुढे अडचण होती तास बुडणाऱ्या मुलांची. त्यासाठी त्यांनी पाठ रेकॉर्ड केले, पद्धत त्यातून निघाली.

मुख्याध्यापकांकडे टॅब नंतर माग. आधी वेळापत्रकात चौघांना एकच मोकळी तासिका मिळव, नाहीतर गट कागदावरच राहील. आणि एकमेकांच्या वर्गात बसायला कुणी बिचकत असेल, तर पहिला तास तूच घे.

घटक ठरला की कळव. वीजच घेणार असाल तर आमची टाचणं पाठवतो, खाडाखोडीसकट.

तुझा,
जुना बाकसोबती