म्हाताऱ्या कुत्र्याचं खाणं वजनकाट्यावर ठरवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पुरवणीत पाळीव प्राण्यांवर जे छापून येतं ते बहुतेक पिल्लांबद्दल असतं. कोणती जात घ्यावी, लस कधी टोचावी वगैरे. घरातलं मोठं कुत्रं म्हातारं झालं की त्याला काय खायला घालावं, यावर फारसं कुणी लिहीत नाही. निफाडला माझं औषधांचं दुकान आहे आणि घरी बंटी नावाचा दहा वर्षांचा लॅब्रॅडॉर. दुकानाच्या काउंटरवर जे ऐकते त्यावरून वाटलं, हे लिहायलाच हवं.

"ताई, आमच्या कुत्र्याला मागच्या पायांवर उठता येत नाही, कॅल्शियमचं सिरप द्या." ही मागणी सारखी येते. उठताना होणारा हा त्रास बहुतेक वेळा सांधे झिजल्याचा असतो, आणि झिजलेल्या सांध्याला कॅल्शियमचा काही उपयोग नाही. चांगल्या तयार खाद्यात ते पुरेसं असतंच. काही जण माणसांची दुखण्याची गोळी अर्धी करून मागतात. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांनी कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, किडनी निकामी होऊ शकते. मी देत नाही, डॉक्टरांकडे पाठवते. माशाच्या तेलाचा सांधेदुखीत खरंच उपयोग होतो, पण लोक त्याच्याऐवजी कॉड लिव्हर ऑइल, म्हणजे माशाच्या यकृताचं तेल, उचलतात. त्यात अ आणि ड जीवनसत्त्वं भरपूर असतात आणि ती जास्त झाली तर अपाय करतात. बाटली घेताना एवढा फरक तरी बघावा.

मोठ्या जाती लवकर म्हाताऱ्या होतात. लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड सातव्या-आठव्या वर्षी उताराला लागतात, ग्रेट डेन त्याच्याही आधी. हालचाल कमी होते, भूक मात्र तेवढीच राहते. लॅब्रॅडॉरच्या बाबतीत तर ती रक्तातच आहे. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिलं की साधारण चारातल्या एका लॅब्रॅडॉरमध्ये 'पीओएमसी' या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो. अशी कुत्री खाण्यामागे जास्त लागतात आणि त्यांचं वजनही जास्त भरतं. तेव्हा "तो मागतोय म्हणजे त्याला भूक आहे" हे ताटाशेजारी बसलेल्या लॅब्रॅडॉरबद्दल म्हणू नये.

वजनाचं महत्त्व किती, हे प्युरिना या प्राण्यांचं खाद्य बनवणाऱ्या कंपनीने केलेल्या एका दीर्घ अभ्यासात दिसलं. त्याचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. एकाच वेतातल्या पिल्लांच्या जोड्या लावून ४८ लॅब्रॅडॉर आयुष्यभर पाळले. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणं दिलं. कमी खाणाऱ्यांचं मध्यक आयुष्य (निम्मी कुत्री ज्या वयापलीकडे जगली ते) १३ वर्षं निघालं, दुसऱ्यांचं ११.२. सांधेदुखीवर उपचार सुरू करायची वेळही कमी खाणाऱ्यांवर उशिरा आली. बाजारातलं कुठलंही टॉनिक जवळपास दोन वर्षं वाढवून देईल, असं मला वाटत नाही.

आता तयार खाद्याच्या पोत्यांवरच्या 'सीनियर' (म्हणजे म्हाताऱ्या कुत्र्यांसाठी) या शब्दाविषयी. औषधाच्या पट्टीवर काय लिहावं याला कायदा आहे, तसा या शब्दामागे ठरलेला नियम नाही. अमेरिकेतली 'आफ्को' ही संस्था खाद्यांचे जे निकष ठरवते त्यांत एक वाढीच्या आणि पैदाशीच्या काळासाठी आहे आणि एक प्रौढ कुत्र्यांसाठी. म्हाताऱ्यांसाठी वेगळा निकष नाही. टफ्ट्स विद्यापीठाच्या मंडळींनी २०११ मध्ये 'सीनियर' म्हणून विकली जाणारी खाद्यं तपासली, तर एका कपात कुठे २४६ कॅलरी तर कुठे ४०८. म्हणजे शब्दावर विसंबून पोतं बदललं तर कुत्रं बारीक होण्याऐवजी जाडही होऊ शकतं.

म्हातारपणी प्रोटीन कमी करा, हा सल्लाही सर्रास दिला जातो आणि मला तो धोक्याचा वाटतो. वय झालं की मागच्या मांड्यांचे स्नायू आधी उतरतात. किडनीचा आजार नसेल तर चांगलं प्रोटीन तोडायचं कारण नाही, उलट त्याची गरज असते. किडनीचा आजार असेल तर फॉस्फरस कमी असलेलं खाणं लागतं, पण ते रक्त-लघवी तपासून डॉक्टरांनी सांगायचं. पाकिटावरचे आकडे वाचताना पाणी वजा करावं. डब्यातल्या ओल्या खाद्यावर ८ टक्के प्रोटीन दिसलं की लोक नाक मुरडतात. पण त्यात ८० टक्के पाणी असेल तर कोरड्या भागात ४० टक्के प्रोटीन झालं. कोरड्या दाण्यांवरचे २४ टक्के, १० टक्के ओलावा वजा केला तर सुमारे २७ होतात.

आमच्याकडचं हक्काचं खाणं म्हणजे दूध-पोळी नाहीतर वरण-भात. प्रेमाने घातलेलं असतं हे मान्य, पण त्यावर एवढ्या मोठ्या जनावराचे स्नायू टिकत नाहीत. बंटीचं वजन ३० किलो असायला हवं. त्या हिशेबाने दिवसाला त्याला साधारण ११०० ते १२५० कॅलरी पुरतात. तूप लावलेल्या दोन पोळ्यांत अडीचशेच्या आसपास जातात, म्हणजे दिवसाचा पाचवा हिस्सा. त्याचं खाद्य मी वाटीने न मोजता स्वयंपाकघरातल्या काट्यावर ग्रॅममध्ये मोजते आणि दोनदा विभागून देते. छाती खोल असलेल्या जातींत एकाच वेळी पोट गच्च भरणं, घाईने खाणं यामुळे पोट फुगून पिळा पडायचा धोका वाढतो. वरून उकडलेलं अंडं किंवा थोडं चिकन दिलं तर तेवढे दाणे कमी करते. खाद्य बदलायचं तर आठवडा-दहा दिवसांत, जुन्यात नवं थोडं थोडं मिसळत. आणि पोत्यातून सुटं काढून विकतात ते घेत नाही, कारण उघड्यावर त्यातली चरबी खवट होते.

आमच्या तालुक्यासाठी खास सांगायचं तर द्राक्षं, मनुका आणि बेदाणे कुत्र्याच्या किडनीला घातक आहेत. कांदा कच्चा असो की रश्श्यात शिजलेला, त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. लासलगावच्या मार्केटपासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या घरांत उरलेला रस्सा-भात कुत्र्यापुढे ओतला जातो, हे मी पाहते आणि जीव कासावीस होतो.

कुत्रं जाड आहे की नाही हे बघायला आधी आपल्या एका हाताचा पंजा सरळ पसरून त्या हाताच्या मागच्या बाजूवरून दुसऱ्या हाताची बोटं फिरवा. कुत्र्याच्या बरगड्या साधारण तशाच हाताला लागायला हव्यात. दाबून शोधाव्या लागल्या तर खाणं कमी करायचं. आणि महिन्यातून एकदा वजन. ३५ किलोच्या कुत्र्याला उचलून बाथरूमच्या काट्यावर उभं राहता येत नाही. मी बंटीला ओळखीच्या भुसार दुकानात नेते, तिथे पोती तोलायच्या काट्यावर तो निमूट उभा राहतो.

माझ्या दोन मागण्या आहेत. खाद्य बनवणाऱ्या कंपन्यांनी १०० ग्रॅममध्ये किती कॅलरी हे पोत्याच्या दर्शनी बाजूला मराठीत, ठळक छापावं. आणि पशुसंवर्धन विभागाने तालुक्याच्या प्रत्येक दवाखान्यात कुत्र्याला उभं करता येईल असा बसका काटा ठेवावा, तो दवाखान्याच्या वेळेत कुणालाही फुकट वापरू द्यावा.

आपली,
एक औषधविक्रेती, निफाड (जि. नाशिक)