डॅलेकचा सम्राट कॉमिकमधला की पडद्यावरचा?

स. न. वि. वि.

पुरवणीतील डॅलेकवरील (‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश विज्ञान-मालिकेतली चिलखती खलनायक जमात) लेखात दोन सम्राटांची खिचडी झाली आहे. मोठ्या गोल डोक्याचा सोनेरी सम्राट मूळचा मालिकेतला नाही, तो ‘टीव्ही सेंच्युरी २१’ या ब्रिटिश साप्ताहिकातल्या चित्रकथेतला. ती जानेवारी १९६५ पासून दोन वर्षं मागच्या पानावर रंगीत छापली जाई. मालिका तेव्हा कृष्णधवल होती. ‘डॉक्टर हू’मध्ये १९६७ साली दिसलेला सम्राट वेगळाच: अवाढव्य, जागचा न हलणारा, नळ्यांनी जोडलेला.

त्या चित्रकथेत मालिकेचा नायक डॉक्टर कुठेच नाही. कारण हक्कांचं: डॅलेकवर लेखक टेरी नेशन यांचा हक्क, डॉक्टर बीबीसीचा. त्यामुळे खलनायकच नायक झाले, आणि खरी गंमत तिथेच आहे! डॅलेकचा जनकही दोन्हीकडे निराळा. कॉमिकमध्ये यार्वेलिंग, डॅव्हरॉस आला १९७५ मध्ये, पडद्यावर. दोन्ही उगमकथा जुळवायचा खटाटोप करू नये.

ठाण्यातील चित्रकला विद्यार्थ्यांनी सम्राट काढताना टीव्हीच्या डॅलेकवर नुसता सोनेरी रंग फासू नये. कॉमिकमध्ये डोकं धडापेक्षा रुंद आणि चेंडूसारखं आहे, धड बारीक. पुठ्ठ्याची प्रतिकृती करताना नेमकी इथेच फसगत होते: वर वजन, खाली अरुंद बूड, की स्वारी आडवी. तळाशी वाळूची पिशवी ठेवावी. साध्या डॅलेकच्या घेरावरचे अर्धगोल मात्र ५६ मोजून लावावेत.

– काही कॉमिक्सवेडे वाचक, नौपाडा, ठाणे