स्टेपनी

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

तुझा 'पोचले' एवढा एका शब्दाचा निरोप परवा सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी मिळाला. आई म्हणाली, फोन करा तिला. मी म्हटलं, करतो. पण फोनवर आपल्या दोघांचं काय होतं ते तुला ठाऊक आहे. पहिल्या मिनिटाला हवापाणी आणि तिसऱ्या मिनिटाला कुणाचा तरी आवाज चढलेला. म्हणून लिहायला बसलो. आणि आधीच सांगून टाकतो, येताना रात्री जे झालं त्याबद्दल या पत्रात एक अक्षरही लिहिणार नाही.

म्युझियमबद्दल लिहायचंय. मी तिथे गप्प होतो म्हणून तुला वाटलं, बाबा कंटाळले. कंटाळलो नव्हतो गं. तू गाड्यांचे रंग बघत होतीस, दिवे बघत होतीस, आणि मी गाडीमागून गाडी स्टिअरिंगचा दांडा बघत चाललो होतो. सरळ, अखंड लोखंडी दांडा, चालवणाऱ्याच्या छातीवर रोखलेला. समोरून काही आदळलं की तो भाल्यासारखा मागे यायचा. धक्क्यासरशी दबणारे दांडे अमेरिकेतल्या गाड्यांना 1967 च्या सुमारास बसवायला लागले. तोवर माणसं त्या भाल्यासमोर बसून टोप्या घालून मजेत फिरायला जात होती. पट्टाही नाही. आता आपण लावतो तो खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा पट्टा व्होल्वोच्या निल्स बोलीन या इंजिनिअरनं 1959 साली आणला, आणि कंपनीनं त्याचं पेटंट इतरांना वापरायला खुलं ठेवलं. त्या गाडीपाशी तू मला दोनदा हाक मारलीस, मी हललो नाही. असली माणसं देवळात बसवायला हवीत असं मला वाटत होतं. तू म्हणालीस, "बाबा, पुढे अजून चाळीस गाड्या आहेत."

तू त्या फोर्ड मॉडेल टीपाशी काय बोलत होतीस तेही मी ऐकत होतो. मागे उभं राहून. तुला वाटलं मी बाकावर बसलोय. खाली तीन पेडल, पण ती आपल्या ओळखीची नव्हेत: डावं दाबलं की पहिला गियर, मधलं मागे जायचं, उजवं ब्रेकचं, आणि अॅक्सिलरेटर पायाशी नाहीच, स्टिअरिंगखालच्या दांडीला. 1908 ते 1927 या काळात दीड कोटी लोकांनी ही असली गाडी घेतली, म्हणजे दीड कोटी लोक हे शिकले, असं तू त्या दोन शाळकरी पोरांना सांगत होतीस. तिथला माहिती देणारा माणूस बाजूला सरून ऐकत राहिला. मला तेव्हा काय वाटलं ते लिहीत नाही. चष्मा पुसला एवढं लिहितो.

आणि हँडल! त्यानं इंजिन फिरवून सुरू करायचं हँडल हातात दिलं तेव्हा तू अंगठा दांड्याभोवती वळवला नाहीस, बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवलास. वर त्याला विचारलंस, "स्पार्क मागे घेतलाय ना?" हे तुला मी शिकवलेलं नाही. अण्णांनीच शिकवलं असणार. ठिणगी वेळेआधी पडून इंजिन उलटं मारलं की हँडल फणकाऱ्यानं मागे फिरतं आणि विळखा घातलेला अंगठा, नाहीतर अख्खं मनगट, घेऊन जातं. अण्णांचं मनगट शेवटपर्यंत तसंच राहिलं. सही करताना ते कागद तिरका धरायचे, आठवतं? चार्ल्स केटरिंगनं बनवलेला विजेचा स्टार्टर 1912 च्या कॅडिलॅकला लागला. पण अण्णांच्या वाट्याला हँडलच आलं. त्यांनी तुला तिथे बघायला हवं होतं. असो.

ती तीन चाकांची बेंझची प्रतिकृती तू दोन मिनिटांत उरकलीस. बायकांच्या धाडसाच्या गोष्टी आता सगळ्यांना पाठ आहेत म्हणालीस. बेर्था बेंझ 1888 च्या ऑगस्टमध्ये नवऱ्याला, ही गाडी बनवणाऱ्या कार्लला, न सांगता दोन पोरांना घेऊन पहाटे मानहाइमहून निघाली आणि अंधार पडता पडता फोर्त्सहाइमला पोचली. शंभरावर किलोमीटर. वाटेत औषधाच्या दुकानातून इंधन घेतलं, नळी तुंबली ती टोपीच्या पिनेनं मोकळी केली, चढावर पोरांनी गाडी ढकलली, उतारावर लाकडी ब्रेक झिजले म्हणून चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. हे सगळं मलाही पाठ आहे. पण मी कार्लचा विचार करत होतो. सकाळी उठला असेल. घरात पोरं नाहीत, बायको नाही, शेडमध्ये गाडी नाही. त्या गाडीत कुठला स्क्रू ढिला आहे हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? संध्याकाळी पोचल्याची तार येईपर्यंत तो माणूस दिवसभर काय करत होता, हे कोणी लिहीत नाही.

मी परवा काय केलं ते सांगतो. पाच वाजता उठलो तर फ्रिजवर तुझी चिठ्ठी, 'निघतेय. उठवलं नाही.' मग सहा तास मी माळा आवरला.

मनू, आदल्या दिवशी पहाटे चारला उठलेली तू. जाताना सगळी गाडी तूच चालवलीस, दिवसभर उभी होतीस, परत निघालो आणि रात्री नऊला तुझी मान कलली. हिशेब कर, 17 तास. इतका वेळ सलग जागा असलेला माणूस रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतका मंदावतो, हे तपासून पाहिलेलं आहे. ताशी 90 च्या वेगाला गाडी सेकंदाला 25 मीटर जाते. तू म्हणालीस, "झोपले नव्हते, डोळे मिटले फक्त." तीन सेकंद मिटले असतील तर 75 मीटर गाडी कोणीच चालवत नव्हतं. काच खाली करून किंवा गाणी मोठ्यानं लावून झोप जात नाही, ती गेल्यासारखी वाटते. गाडी सुरक्षित जागी घ्यायची, दारं लावायची, वीस मिनिटं झोपायचं. उठल्यावर दहा मिनिटं गुंगी असते, ती उतरू द्यायची, मग निघायचं. यात कमीपणा काय आहे? आणि त्यानंतर पुन्हा चार-पाच तास झोपून पहाटे एकटीनं निघायचं म्हणजे...

लिहिणार नव्हतो. लिहिलं. वरचा परिच्छेद खोडणार होतो, पण सगळं पुन्हा लिहायला लागेल. सोडून दे. तू बारा गावचं पाणी प्यायलेली बाई आहेस, आणि त्याच दिवशी परत यायचा हट्टही माझाच होता. मुक्काम कशाला, म्हणालो. तेव्हा 17 तासांपैकी निदान सहा माझ्या खात्यावर मांड.

तुला एक विचारायचंय. त्या जादा चाकांच्या दालनात तू जे सांगितलंस, ते तू नेहमी सांगतेस का? मित्रमैत्रिणींना वगैरे?

तो माणूस सांगत होता की सुरुवातीच्या गाड्यांना जादा चाक नसायचंच. पंक्चर झालं की रस्त्यातच बसकण मारून टायर उपसायचा, ट्यूबला ठिगळ लावायचं, पंप मारायचा. 1904 मध्ये वेल्समधल्या लॅनेली गावच्या डेव्हिस बंधूंनी यावर तोड काढली. आऱ्या नसलेलं नुसतं कडं, त्यावर आधीच हवा भरलेला टायर. पंक्चर झालेलं चाक काढायचं नाही, हे कडं त्यावरच बाहेरून पकडींनी आवळायचं आणि चालू लागायचं. त्यांची जागा स्टेपनी स्ट्रीटवर होती, म्हणून ते स्टेपनी. तू टाळीच वाजवलीस. "म्हणजे आपण डिकीत एक रस्ता घेऊन फिरतो!" आणि मग तू त्याला टॉर्चची गोष्ट सांगितलीस.

तू सहा वर्षांची. आपली ती स्टिअरिंगला गियर असलेली गाडी. मध्यरात्र, दादा आईच्या मांडीवर झोपलेला, बाजूनं ट्रक धडधडत जातायत, बाबा जॅक लावून पंक्चर चाक काढतायत आणि तू एकटी रस्त्याकडेला टॉर्च धरून उभी. हात जराही हलला नाही. "तिथून मला गाड्यांचं वेड लागलं," म्हणालीस, आणि मी मान डोलवावी म्हणून माझ्याकडे बघितलंस. मी खाली वाकून बुटाची नाडी बांधत होतो. त्या बुटांना नाडी नाही.

पंक्चर झालं नव्हतं, मनू.

मी झोपलो होतो. किती वेळ, ते मला आजही माहीत नाही. जाग आली ती चाकांखाली खडी वाजली म्हणून. दिव्यांच्या उजेडात समोर एक झाड होतं, त्याला पांढरा-लाल पट्टा मारलेला. ब्रेक दाबला. गाडी झाडाच्या अलीकडे थांबली, किती अलीकडे ते सांगत नाही. तू मागच्या सीटवरून खाली घरंगळलीस आणि हसायला लागलीस. मागे पट्टे नव्हतेच. पुढे होते, तेही आम्ही सीटखाली खोचून ठेवलेले. आई दचकून म्हणाली, "काय झालं?" आणि मी म्हणालो, पंक्चर.

मग ते खरं करावं लागलं. चांगलं हवेनं भरलेलं चाक मी काढलं आणि त्या जागी गुळगुळीत झालेली स्टेपनी बसवली. हात इतके कापत होते की नट दोनदा खडीत पडले. दोन्ही वेळा टॉर्च त्यांच्यावर धरून तूच ते शोधून दिलेस. तुझा हात हलला नाही हे अगदी खरं आहे. दुसऱ्या दिवशी आईच्या समाधानासाठी ते चाक पंक्चरवाल्याकडे नेलं. त्यानं ट्यूब फुगवून पाण्याच्या टबात फिरवली, सगळीकडून दाबली. एक बुडबुडा नाही. त्यानं माझ्याकडे बघितलं. तू शेजारीच होतीस, पाण्यात बोटं घालून.

म्हणजे म्युझियमात तू ती गोष्ट सांगितलीस, आणि त्याच रात्री तुझी मान कलली. मी स्टिअरिंगला हात घातला, तीही चूकच, त्यानं गाडी अजून हेलकावली. मग जे बोललो ते बोललो. "तुझ्या हातात गाडी द्यायलाच नको होती." हे वाक्य खरं तर एका दुसऱ्या ड्रायव्हरला बोलायचं राहून गेलं होतं. उशीर झाला आणि चुकीच्या माणसाला लागलं. त्यानंतर तू किल्ली माझ्याकडे दिलीस आणि उरलेली वाट मी चालवली. समोरच्या प्रत्येक दिव्याभोवती मला रिंगण दिसत होतं आणि तू एक मिनिटही डोळा मिटला नाहीस, रस्त्यावर नजर लावून बसलीस. तेव्हाच मला कळायला हवं होतं की आपल्या दोघांत नीट ड्रायव्हर कोण आहे. मोतीबिंदूसाठी पुढच्या बुधवारची वेळ घेतली आहे. आईला सांगितलंय, तुलाही सांगतो.

टॉर्च माळ्यावर सापडला. गंजलाय. टाकला नाही.

तू ती गोष्ट लोकांना तशीच सांग. दादालाही काही बोलू नकोस. आणि हे पत्र आईच्या हाती लागू देऊ नकोस, तिच्या लेखी ते पंक्चरच आहे. निदान मला तरी तसं वाटतं. त्या पंक्चरवाल्याचं बिल तिनं कधीच मागितलं नाही, आणि ती किराणा दुकानदाराचंही मागते.

तुझे,
बाबा

ता. क. स्टेपनीतली हवा शेवटची कधी बघितलीस? डिकीत पडून पडून तीही कमी होते. आणि निघायचं असेल तर उठवत जा.