चि. संकेतला, न्हावा-शेव्याच्या पत्त्यावर

चि. संकेत,
अनेक आशीर्वाद.

रविवारी बंदरातल्या कामावरून बाबांशी वाद घालून तू अर्धं ताट टाकून निघालास. त्या भांडणावर मी काही लिहिणार नाही. फक्त एकच सांगते, टांगलेल्या कंटेनरखालून जाऊ नकोस. कुणी कितीही घाई केली तरी.

‘तिथं आपलं उरलंय काय?’ असं बाबा म्हणाले, ते आजीच्या आठवणीनं. बंदरासाठी शेवे कोळीवाडा उठला आणि उरणजवळ हनुमान कोळीवाडा म्हणून वसला. तिथल्या घरांना वाळवी लागली. आजी चौकटीवर अंगठा दाबायची, तर लाकूड आत जायचं. बाबांनी ते रोज पाहिलंय रे.

पण उरलंय. 26 मे 1989 ला बंदर सुरू झालं, पाटीवर नाव जवाहरलाल नेहरूंचं. तरी बोटीच्या कागदांवर जगभर अजून न्हावा-शेवाच लिहितात. बंदराचा कोड आयएनएनएसए (INNSA). पहिली दोन अक्षरं देशाची, पुढची तीन आपल्या दोन गावांची. त्या कागदाचा तू फोटो पाठवलास तो मी शेजारच्या काकूंनाही दाखवला.

लॅशिंगचं, म्हणजे बोटीवरचे कंटेनर बांधायचं-सोडवायचं काम, तर बोटीवर चढणं, कंटेनर आवळणारे लोखंडी रॉड सोडवणं आलंच. चाळीस फुटी कंटेनर रिकामासुद्धा पावणेचार टनांच्या घरात, भरला की 30 टनांपर्यंत, हे तूच सांगितलंस. मग मला झोप कशी लागेल? जॅकेट घाल, क्रेनवाल्याला दिसशील असा उभा राहा, रात्रपाळीत मोबाइल खिशातच ठेव... जाऊ दे. ट्रेनिंग तू घेतलंस, मी नाही. रागावू नकोस.

लहानपणी घारापुरीला नेलं होतं तुला. पोर्तुगीजांनी तिथला दगडी हत्ती बघून बेटाला एलिफंटा म्हटलं, आणि तो हत्ती आता भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे, असं बाबांनी सांगितलं. ‘हत्ती गेला तर नाव का नाही गेलं?’ म्हणून लाँच धक्क्याला लागेपर्यंत तू त्यांना भंडावून सोडलंस. त्या दिवशी किती कौतुकानं बघत होते तुझ्याकडे!

त्यांना फोन कर. ते आपणहून करणार नाहीत, पण पाळी सुटायची वेळ झाली की घड्याळाकडे बघत बसतात. मला नुसतं ‘सुटलो’ एवढं लिहिलंस तरी चालेल.

आणि हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली नीट आवळतोस ना?

तुझी,
आई