चैत्री वारी : दर्शनाबद्दल सूचना

राम कृष्ण हरी माउली,

चैत्री एकादशी शुक्रवारी, 19 एप्रिल 2024 रोजी आहे. पंढरपूरच्या मंदिरात जीर्णोद्धाराचं काम सुरू असल्याने 15 मार्चपासून पदस्पर्श बंद आहे. फक्त मुखदर्शन मिळेल. त्यामुळे पायांवर डोकं ठेवण्यासाठी सेवेकऱ्यांशी हुज्जत घालू नये, ही विनंती. गेल्या काही वर्षांत बसवलेल्या फरशा, ग्रॅनाइट काढून जुना दगड मोकळा करताहेत. उशिरा का होईना, बरं झालं!

यंदा नामदेव पायरी आणि चोखोबांची समाधी इथे निवांत थांबू. नंतर चंद्रभागेच्या वाळवंटात भजन. ज्यांच्याकडे टाळ आहेत त्यांनी आठवणीने आणावेत, मागच्या वेळी दोनच जोड होते. उन्हासाठी पाणी, टोपी आणि रोजच्या गोळ्या जवळ ठेवा. येणाऱ्यांनी आजच नाव कळवा.